सात खड्यांची खोटी पूजा

दिवाळी सरली की चिखलीच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. कापसानं ठासून भरलेल्या बैलगाड्या बाजाराकडे निघतात, कडेच्या फांद्यांना घासतात आणि काटे आपापला वाटा काढून घेतात. पंधरा दिवसांत बाभळींची सगळी ओळ पांढरी होते. गेल्या वर्षी आमच्या शाळेत पुण्याकडची एक नवी शिक्षिका आली. एस.टी.च्या खिडकीतून बघत तिनं मला विचारलं, "बाई, ही कसली फुलं हो?" मी तिला हसले नाही. कापसाच्या मुलखात जन्म काढून कापूस कधी न पाहिलेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांतली पहिली मीच.

मला हा हंगाम आवडत नाही. हवा छान असते, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते, तुरीला पिवळा फुलोरा असतो, हे सगळं खरं. पण उघडलेलं बोंड दिसलं की माझ्या तोंडाची चव जाते. अठरा वर्षं झाली. वेचणी सुरू झाली की मी वावरांच्या बाजूला न बघता शाळेत जाते. यंदा ते जमलं नाही. यंदा मला हार घालून खुर्चीवर बसवण्यात आलं आणि अठरा मिनिटांचा एक माहितीपट पुन्हा पाहायला लावण्यात आलं.

तो माहितीपट ज्यांनी केला त्यांचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की हा लेख त्यांच्याबद्दल होईल, आणि त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झालेलं आहे. मोठा माणूस. नुसतं चित्र न दाखवता चित्रासमोर बसून स्वतःशी विचार करावा, तशी त्यांची पद्धत. धरण, गिरणी, वेठीची माणसं, ओसाड पडलेली बंदरं, कशावरही त्यांनी चित्रपट केला की तो त्या गोष्टीवरचा एक निबंधच होऊन जाई, आणि निबंध वाचणारा आवाज त्यांचा स्वतःचा. जड, संथ, दुःखी आवाज. आज कुठलाही माहितीपट लावा. एक बाई कॅमेऱ्याकडे बघत असते, आणि कुणीतरी पुरुष तिच्या वतीनं हळू आवाजात बोलत असतो. ही वाट त्यांनी पाडली. मागून येणारे सगळे तिच्यावरूनच चालले.

आणि तरी, खोटं कशाला बोलू, कापूस बघायला मला त्यांनीच शिकवलं.

नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी चिखलीच्या एका कारकुनाची मुलगी, बावीस वर्षांची, देऊळघाटच्या मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली. भाऊसाहेब म्हणून गावातले मोठे शेतकरी होते, त्यांच्या घरात मागच्या अंगाला माझी खोली. त्या दिवसांत त्या घरात चालायला जागा नसे. ओसरी, मधलं घर, कोठी, जिथे बघाल तिथे छतापर्यंत कापूस. रात्री अंगाला खाज सुटायची, केसांत तंतू अडकायचे, आमटीतसुद्धा एखादा सापडायचा. माझ्या लेखी कापूस म्हणजे ही कटकट. शाळेतल्या मुली वेचणीला जायच्या म्हणून वर्ग ओस पडायचा, ती दुसरी कटकट.

तशात ते आले. एका जीपमधून, खादीच्या चुरगळलेल्या शर्टात. बरोबर टेपचं यंत्र सांभाळायला एक अबोल माणूस. गावानं त्यांना लगेच 'साहेब' करून टाकलं. गावात शिकलेली, शुद्ध बोलणारी आणि रिकामी अशी मीच, म्हणून भाऊसाहेबांनी मला त्यांच्या दिमतीला दिलं. माझी मान ताठ झाली. आपल्या गावचं बोलणं त्यांना नीट कळणार नाही, ते मी नीट करून सांगायचं, असं काम. नीट करून. या शब्दाला मी तेव्हा अडखळले नाही.

त्यांचा कॅमेरा लहानसा होता. घड्याळासारखी किल्ली द्यावी लागायची, आणि एका किल्लीत जेमतेम अर्धं मिनिट. त्यामुळे ते आधी बघत बसायचे. दोन-दोन तास धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उकिडवे. मी सावली धरून उभी. एकदा मला म्हणाले, "बाई, इथून बघा. सूर्य त्यांच्या पाठीमागे आहे." मी वाकले. बायका ओळीनं पुढे सरकत होत्या, कमरेला बांधलेल्या फडक्यांच्या ओट्या फुगलेल्या, आणि बोटं. बोंडाची वाळलेली टोकं टोचू नयेत म्हणून बोटं वरून उतरायची, चिमटीत धरायची, हलकेच फिरवून काढायची. बोटांच्या कडांना उजेड लागला होता. नखांच्या मुळाशी सगळ्यांच्या भेगा. जन्मभर हे माझ्या दारासमोर चाललं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, या माणसासाठी काहीही करावं.

त्या ओळीत गुंफाबाई होती.

माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. उंच, काळीसावळी, गालांची हाडं वर आलेली, आणि कुणी बोललं की त्याच्याकडे सरळ बघायची सवय. भाऊसाहेबांच्या वावरात ती बारा वर्षं वेचणीला येत होती. मी तिला 'तू' म्हणायची. सगळेच म्हणायचे. ती मला 'तुमी'. गावाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांनी काही वर्षांपूर्वी धम्म घेतला होता, त्यांत तिचा नवरा संपत पुढे होता. तिथे एका ओट्यावर पंचरंगी झेंडा लावलेला असे, आणि रोज दिवेलागणीला सगळे जमून वंदना म्हणत. ती वंदना गुंफाबाई सांगायची. ती एक ओळ म्हणायची, मग बाकीचे. तिचा आवाज शाळेच्या व्हरांड्यापर्यंत यायचा. वह्या तपासताना तो मी रोज ऐकायची, पण तिथे जाऊन बसावं असं एकदाही मनात आलं नाही.

साहेबांनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही किती वर्षं हे काम करता?" तिनं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की 'तुम्ही' म्हणजे तीच.

मला वाटतं तिथेच ती फसली. मीही.

आता पूजेचं सांगायला हवं. आमच्या वऱ्हाडात कापूस पहिल्यांदा वेचायला घेताना सीतादही करतात. धुऱ्यावर सात खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, नव्या कापसाचं वस्त्र करून वाहायचं, आणि दहीभात वावरात चहूकडे शिंपायचा. घरची लक्ष्मी पूजा करते. मजूर बायका पूजा आटोपली की वावरात उतरतात. साहेबांनी हे कुठेतरी वाचलं होतं आणि ते त्यांना हवं होतं. पण कच्च्या फिल्मचे डबे वेळेवर न मिळाल्यामुळे ते तीन आठवडे उशिरा पोचले. पूजा होऊन गेली होती, पहिली वेचणी संपत आली होती.

"पुन्हा करता येईल का?" त्यांनी विचारलं.

भाऊसाहेबांची बायको, जिला मी काकू म्हणायची, कानावर हात ठेवून म्हणाली, "नाई वो बाप्पा! एका वावरात वर्षातून एकदाच. दुसऱ्यांदा नाई करत."

भाऊसाहेबांना मात्र सिनेमात आपलं वावर यावं असं फार वाटत होतं. त्यांनी तोड काढली. "खरी कायले करतं? खोटी कर. मंत्र नको म्हनू, मनात काई आनू नको. नुसते खडे मांड." काकूंना हे पटलं. खोटीच आहे म्हटल्यावर त्या शालू नेसल्या, नथ घातली आणि धुऱ्यावर येऊन बसल्या. साहेबांनी डोळा कॅमेऱ्याला लावला, काढला, आणि फार मऊपणानं म्हणाले, "काकू, तुमचा फोटो आपण वेगळा काढू." मग माझ्याकडे वळून हळूच, "तो चेहरा पाहिजे. त्या उंच बाईंचा."

मी दचकले. गुंफाबाईच्या हातून सीतादही! मी खाली मान घालून भाऊसाहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा आधी काळा पडला. मग ते विचार करून हसले. "तशीबी खोटीच हाय न? मंग कोनाचाबी हात लागला तरी काय बिघडून राह्यलं!" आणि खड्यांकडे बोट करून म्हणाले, "झाल्यावर ते खडे तेवढे फेकून द्या म्हना तिले. घरात नोको."

राहिली गुंफाबाई. तिच्याकडे साहेब गेले नाहीत, भाऊसाहेब गेले नाहीत, मला पाठवलं. ती पाणी पीत बांधाशी बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"आमी सोडलं ते, मास्तरीनबाई," ती म्हणाली. "तुमाले मालूम हाय."

"अगं, खरं थोडंच करायचंय? नाटक गं. खोटं-खोटं. एक मिनिटाचं काम. मुंबईला कुणाला काय कळणार?"

"वस्तीत कळलं त?"

"वस्तीत कसं कळेल? आणि हे बघ," मी म्हटलं, कारण मला ते आधीच सुचलं होतं आणि खरंच चांगलं वाटलं होतं, "साहेब तुझं बोलणं टेपवर घेणार आहेत. तू सांग ना त्यात, की आम्ही हे सोडलं म्हणून. चित्रात पूजा, आणि वर तुझा आवाज. सगळ्यांना समजेल."

हे मी साहेबांना विचारलं होतं. ते चटकन म्हणाले होते, "वा! फारच छान. चित्र एक सांगेल आणि आवाज दुसरं." ते तेव्हा खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही.

तिनं फडक्याच्या टोकानं तोंड पुसलं. "मह्या आवाजात?"

"तुझ्याच आवाजात."

मग ती उठली.

पूजा झाली. वेचून झालेल्या वावराच्या कोपऱ्यात, कापूस काढून रिकाम्या झालेल्या पऱ्हाटीपुढे, सात खडे. तिनं कुंकू लावलं तेव्हा बोट थरथरलं, आणि साहेब पुटपुटले, "सुंदर." तिला पुन्हा लावायला सांगितलं. तीन किल्ल्या संपल्या. मग हात जोडायला सांगितले. ती क्षणभर थांबली, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि तिनं जोडले. काकू लांबून पदराआड हसत होत्या, शालू नेसलेल्या तशाच. सगळे अगदी मजेत होते. मालकाला चाललं कारण ती खोटी होती, देवाला चालेल कारण खोटी होती, तिलाही चाललं कारण खोटी होती. एवढ्या सगळ्यांच्या संमतीनं झालेली दुसरी पूजा त्या गावात मी पाहिलेली नाही.

त्यानंतर टेप. अबोल माणसानं यंत्र मांडलं, चक्रं फिरू लागली. गुंफाबाई तशीच खड्यांपुढे बसून बोलली. वंदनेचा आवाज होता तो, पण खालच्या पट्टीतला. साहेब कॅमेरा चालू ठेवून तिचे ओठ टिपत होते. ती म्हणाली, घरातले देव माझ्या घरधन्यानं टोपल्यात भरले, ते टोपलं मी डोक्यावर घेऊन पैनगंगेपर्यंत नेलं, जाताना मान मोडून आली, येताना हलकी झाली. म्हणाली, कापूस आम्ही वेचतो, आम्हाला त्याचा कंटाळा नाही, मुलीला मात्र शाळेत घालणार. आणि मग एक वाक्य बोलली. ते मी तेव्हा कागदावर लिहिलं नाही, म्हणून आता लिहिते, तिच्याच तोंडचं:

"देव व्हता तवा शिवू देल्ला नाई, बांधावर उभं करत. आता देव सोडला, त मनतात घे, तूच कर."

टेपचं चक्र फिरत होतं. भाऊसाहेब दहा पावलांवर उभे होते.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "बाई, त्या काय बोलल्या ते मला स्वच्छ मराठीत लिहून द्या. मुंबईला कामाला येईल." मी भाऊसाहेबांच्या घरात, भाऊसाहेबांच्या कंदिलाच्या उजेडात लिहायला बसले. टोपल्याचं लिहिलं. पण 'मान मोडून आली' बरं दिसेना, म्हणून 'ओझे वाटले' केलं. मुलीच्या शाळेचं लिहिलं. त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. काकूंनी तेवढ्यात ताक आणून दिलं. मला वाटलं, उगाच कशाला? कागद साहेबांकडून भाऊसाहेबांच्या हाती गेला तर? खोली गेली तर मी राहायचं कुठे? आणि टेपवर तर आहेच की ते. कागद घडी करून मी देऊन टाकला.

माणूस स्वतःला किती लवकर माफ करतो! ताक संपायच्या आत.

साहेब जाताना गुंफाबाईला नमस्कार करून म्हणाले, "तुमचा चित्रपट तुम्हाला दाखवायला मी येईन." ती वेड्यासारखी वाट बघत बसली असं मी म्हणणार नाही, ती तशी नव्हती. पण पुढच्या वेचणीत तिनं मला दोनदा विचारलं. "आला का वो तो सिनेमा?"

तो आला. साहेब आले नाहीत. त्या काळी टॉकीजमध्ये मुख्य चित्रपटाच्या आधी माहितीपट दाखवत, तसा तो एके दिवशी दुपारच्या खेळाला चिखलीत लागला. लोक मुख्य चित्रपटाला गेले होते. वस्तीतले चौघे-पाच जण होते, त्यांत संपत होता. मी सुट्टीला घरी गेले होते म्हणून मीही होते, बायकांच्या बाकावर.

मी काय सांगू! पांढरा पडदा पांढऱ्याच वावरांनी भरून गेला. तीच बोटं, कडांना तोच उजेड. खुर्च्यांवरची माणसं पुढे सरकून बसली. मग खडे आले, कुंकू आलं, थरथरणारं बोट आलं, जोडलेले हात आले, आणि त्यावरून तिचा चेहरा. ओठ हलत होते. मी कान टवकारले. ओठांखालून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्राची धडधड येत होती, आणि वरून साहेबांचा आवाज. ते म्हणाले, दगडापुढे हात जोडणारी ही बाई दगडाइतकीच मुकी आहे. तिच्या वतीनं कुणीतरी बोललं पाहिजे.

मागून एकानं टाळी वाजवली. तीन रांगा पुढे संपत बसला होता, त्याची पाठ मला दिसत होती. तो उठला आणि मुख्य चित्रपट सुरू व्हायच्या आधीच निघून गेला.

त्यानं तिला मारलं नाही, टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वंदनेला ती ओट्यावर उभी राहिली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आज दुसरं कोनी सांगंल." हे मला तिनं सांगितलं नाही, वस्तीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीनं सांगितलं. मला ऐकूही आलं. व्हरांड्यात वह्या तपासत होते, आणि वंदना सुरू झाली ती एका पोरसवदा, चाचरणाऱ्या आवाजात. लोक म्हणत होते, हिनं आम्हा सगळ्यांचं हसं केलं, अंधारात नाही तर भर उन्हात केलं, आणि ते आता देशभर दाखवून राह्यले. ती म्हणत होती, मी बोलले होते, टेपवर आहे, मास्तरीनबाईला विचारा. संपत मला विचारायला आला. ओसरीवर भाऊसाहेब पान लावत बसले होते. त्यानं विचारलं, "बाई, ती काई बोलली व्हती काय?"

"बोलली होती," मी म्हटलं. "मुलीच्या शाळेचं वगैरे."

तो मान डोलावून गेला. पुढे गुंफाबाई वंदनेला जायची, पण मागे बसायची. तिनं पुन्हा कधी सांगितली नाही. माझी बदली झाली. मी सुटले असं मला वाटलं.

गेल्या महिन्यात बुलढाण्याला काही तरुण प्राध्यापकांनी साहेबांचा सत्कार ठेवला. त्यांच्या सगळ्या कामाचा आढावा, तीन दिवस, रोज दोन चित्रपट. कुणीतरी शोधून काढलं की देऊळघाटच्या चित्रीकरणात एक बाई मदतीला होत्या. म्हणून मला हार, खुर्ची वगैरे. प्राध्यापक मंडळी बोलली. सगळीच साहेबांसारखी बोलली, जड, संथ आणि दुःखी. एकानं त्या जोडलेल्या हातांवर पाऊण तास घेतला. मौनाचं सौंदर्य हे शब्द त्यानं इतक्या वेळा वापरले की मी मोजायचं सोडून दिलं.

साहेब म्हातारे झालेत. केस पांढरे, चष्मा जाड. मला बघून उठून उभे राहिले. "बाई, तुम्ही सावली धरून उभ्या असायच्या." चहाच्या वेळी मी त्यांना एकट्याला गाठलं आणि अठरा वर्षं विचारायचं राहिलेलं विचारलं. "तिच्या बोलण्याची टेप कुठे आहे?"

त्यांनी आठवायचा खरोखर प्रयत्न केला. "ती नाही राहिली. टेप फार दुर्मिळ असायची हो तेव्हा. आम्ही तीच पुसून पुन्हा वापरायचो. मला वाटतं परतीच्या वाटेवर जिनिंगचा आवाज त्याच टेपवर घेतला."

म्हणजे तिचं बोलणं गेलं कुठे नाही. जिथे होतं तिथेच आहे, त्या धडधडीखाली.

"पण ती काय बोलली होती..." मी म्हटलं.

"तुम्ही लिहून दिलं होतं ना," ते माझी समजूत घालत म्हणाले. "मी तो कागद पुष्कळदा वाचला. खरं सांगू का, बाई, त्यात विशेष काही नव्हतं. ओझे वाटले, मुलीला शाळेत घालणार. नाहीतर मी सोडलं असतं?"

कपातला चहा मी तसाच ठेवला. इतकी वर्षं मी या माणसाला मनात शिव्या दिल्या होत्या, आणि आता तो चष्मा पुसत माझ्याकडे कौतुकानं बघत होता.

परवा मी देऊळघाटला गेले. भाच्याकडून छोटा टेपरेकॉर्डर मागून घेतला होता, खांद्याला अडकवायचा. मनाशी ठरवलं होतं की तिच्याकडून ते वाक्य पुन्हा बोलवून घ्यायचं, आणि बुलढाण्याच्या त्या प्राध्यापकांपुढे नेऊन वाजवायचं. बाभळी पांढऱ्या झाल्याच होत्या. भाऊसाहेब आता नाहीत, वावर तेच आहे. ती ओळीत होती, पन्नाशीची, पाठ जरा वाकलेली, बोटं तशीच. मला तिनं लांबून ओळखलं. हात थांबवले नाहीत.

मी या वेळी तिला 'तुम्ही' म्हटलं. तिनं माझ्याकडे जरा बघितलं आणि पुन्हा बोंडाकडे वळली. मी सगळं सांगितलं. टेप पुसल्याचं, कागदाचं, ताकाचं सुद्धा. संपत आला तेव्हा ओसरीवर मी काय म्हटलं, तेही. शेवटी म्हटलं, "चूक माझी होती, गुंफाबाई. आता बोला. मी आजच बुलढाण्याला नेते."

"चालू हाय काय तो डब्बा?"

"आहे."

ती ओटी सावरून उभी राहिली. मला वाटलं, बोलणार. ती म्हणाली, "संपत मेला मागल्या साली. त्याले आता कोन ऐकवंल?" मग तिनं एक बोंड काढून ओटीत टाकलं. "बोलतो मी. पन आधी तुमी एक करा. आज दिवा लागायच्या टायमाले आमच्या वस्तीत या. झेंड्याखाली उभ्या राहा न समद्यायसमोर म्हना, मीबी देव सोडले. हात जोडा आमच्यासारके. हा डब्बा चालू ठेवा न मंग गावात वाजवून दाखवा. खरं नोको. खोटं-खोटं. एक मिनटाचं काम हाय."

मी खांद्यावरचा पट्टा सावरला. काकू अजून आहेत, थकल्या आहेत, त्या रात्री त्यांच्याकडेच मी मुक्काम करणार होते. चिखलीला माझ्या भाचीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, माणसं जुन्या वळणाची आहेत. घरात देवघर आहे, सकाळीच मी दिवा लावून निघाले होते. हे सगळं मला एका क्षणात आठवलं, आणि ते एवढ्या भराभर आठवलं याचीच मला शरम वाटली.

"खोटंच हाय न, बाई?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मंग काऊन थांबल्या?"

ती वाकली आणि पुढच्या झाडाला लागली. तिच्या मागोमाग मी दोन पावलं गेले, मग उभी राहिले. यंत्र बंद करायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

काल दुपारी घरात कोणी नसताना मी ती टेप ऐकली. तिचा प्रश्न अगदी स्वच्छ आला आहे. त्यानंतर वारा आहे, पऱ्हाटीची सळसळ आहे, लांबून एका गाडीच्या बैलांची घुंगरं येतात आणि जातात. बाजू संपेपर्यंत मी काही बोललेले नाही.